प्रश्नपत्रिकेतील परमेश्वर

एखाद्या ग्रंथाचे परीक्षण करावे, तसे एका शालेय अभ्यासक्रमाचे परीक्षण ह्या त्रैमासिकाच्या पानांवर करणे वाचकांना काहीसे वेगळे वाटेल. परंतु अभ्यासक्रम हाही एक ग्रंथच असतो. त्यात निवड असते, मांडणी असते. काही विषयांना मानाचे पान वाढलेले असते, तर काहींना उंबरठ्याबाहेर उभे केलेले असते. ग्रंथ न रुचल्यास वाचक तो मिटून ठेवतो. अभ्यासक्रमाच्या वाचकाला ती मुभा नसते. त्यातून तो वाचक सोळा ते अठरा वर्षांचा असेल आणि पाठ्यविषय साक्षात परमेश्वर असेल, तर त्या ग्रंथाकडे डोळसपणे पाहणे अगत्याचे ठरते.

इंग्लंडमध्ये शालेय शिक्षणाच्या अखेरच्या दोन वर्षांत, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या वयात, धर्म, तत्त्वज्ञान आणि नीती हा विषय ‘ए-लेव्हल’ परीक्षेसाठी घेता येतो. परीक्षेच्या कागदोपत्री त्याचे नाव ‘रिलिजस स्टडीज’ असे आहे. आपल्या समाजातील अनेक कुटुंबे नोकरीधंद्यानिमित्त त्या देशी गेली आहेत. त्यांची मुले हा विषय घेतात आणि सुटीत घरी आली, की देव असण्याला पुरावा काय, देव दयाळू आहे तर दुःख का आहे, असे प्रश्न जेवणाच्या पानावर मांडतात. आजी-आजोबांना वाटते, विलायतेच्या शाळेने पोरांची श्रद्धा घालविली. खरोखर तसे आहे काय, हे त्या अभ्यासक्रमाच्याच अंतरंगात शिरून तपासावे, असा ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. इंग्लंडमध्ये १९४४ च्या शिक्षण कायद्याने शाळांत धर्मशिक्षण आणि दररोजची सामूहिक उपासना अनिवार्य केली. १९८८ च्या कायद्याने स्थानिक अभ्यासक्रमांत ख्रिस्ती परंपरेला प्रमुख स्थान देऊन देशातील अन्य प्रमुख धर्मांचीही दखल घ्यावी, असे ठरविले. पालकांना आपले मूल त्या तासातून काढून घेण्याचा अधिकार आहे. तेथील कॅथलिक बिशपांनी आपल्या शाळांपुरता दंडक घातला आहे, की सोळाव्या वर्षापर्यंत एकूण अध्यापनाचा दहा टक्के व त्यानंतरच्या वर्षांत पाच टक्के वेळ धर्मशिक्षणाला मिळावा. ए-लेव्हलचा विषय मात्र ऐच्छिक आहे. विद्यार्थी सामान्यतः तीन विषय निवडतो, त्यांपैकी हा एक असू शकतो. अनेक परीक्षामंडळे तो चालवितात. त्यांपैकी ‘ओसीआर’ मंडळाचा अभ्यासक्रम आम्ही परीक्षणासाठी निवडला आहे. तो २०१६ पासून शिकविला जाऊ लागला व त्याची पहिली परीक्षा २०१८ मध्ये झाली.

ह्या अभ्यासक्रमाचे तीन भाग आहेत. पहिल्या भागात धर्माचे तत्त्वज्ञान येते. प्लेटोची गुहा आणि ॲरिस्टॉटलची चार कारणे ह्यांपासून प्रारंभ होऊन विद्यार्थी आत्मा आणि देह, ईश्वराच्या अस्तित्वाचे युक्तिवाद, धार्मिक अनुभव, दुरिताचा प्रश्न, ईश्वराचे गुण आणि धर्माची भाषा येथवर पोहोचतो. दुसऱ्या भागात नीतीचा विचार आहे. संत थॉमस अक्वायनस ह्यांचा नैसर्गिक नियमाचा सिद्धान्त, जोसेफ फ्लेचर ह्यांची प्रसंगनिष्ठ नीती, कांटचा कर्तव्यवाद, बेंथम व मिल ह्यांचा उपयुक्ततावाद, तसेच सदसद्विवेकबुद्धी, दयामरण, व्यापारातील नीती आणि लैंगिक नीती. तिसऱ्या भागात ख्रिस्ती, इस्लाम, ज्यू, बौद्ध वा हिंदू ह्यांपैकी एका धर्मपरंपरेतील विचारांची वाटचाल अभ्यासावी लागते. सतरा वर्षांच्या मुलासमोर वाढलेले हे ताट भरगच्च आहे, ह्यात शंका नाही.

ह्या ग्रंथाचे गुण आधी सांगितले पाहिजेत, कारण ते थोर आहेत. पहिला गुण गांभीर्याचा. धर्म म्हणजे म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या वेळ घालविण्याची बाब, असे मानणाऱ्या काळात एक सार्वजनिक परीक्षा तरुणांना सांगते, की मानवजातीतील श्रेष्ठ बुद्धीच्या माणसांनी ह्याच प्रश्नांसाठी आयुष्ये वेचली. दुसरा गुण प्रामाणिकपणाचा. येथे अक्वायनस शिकवितात आणि पाठोपाठ ह्यूमचा आक्षेपही शिकवितात. प्रतिपक्षाला बाहुल्यासारखे उभे करून फुंकरीने पाडलेले नाही. जानेवारी १९४८ मध्ये बी.बी.सी. रेडिओवर येशूसंघीय धर्मगुरू फ्रेडरिक कोपल्स्टन आणि नास्तिक तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल ह्यांच्यात ईश्वराच्या अस्तित्वावर जो वाद झाला, तो आजही ह्या विषयाच्या वर्गांत अभ्यासला जातो. विश्वाला अखेरचे कारण असलेच पाहिजे, असा कोपल्स्टन ह्यांचा आग्रह. विश्वाचे असे कारण विचारणेच निरर्थक, अशी रसेल ह्यांची भूमिका. दोघांपैकी कोणीही आवाज चढविला नाही. वादविवाद म्हणजे कलह नव्हे, हे एवढ्या एका संवादावरून मुलांना कळत असेल, तरी शाळेने मोठे काम केले असे आम्ही म्हणू.

प्रतिपक्षाला पुरते बोलू देण्याची ही रीत ख्रिस्तसभेला परकी आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. अक्वायनस ह्यांच्या ‘सुम्मा थिओलॉजिए’ ह्या महाग्रंथात ईश्वर आहे काय, हा प्रश्न ज्या ठिकाणी येतो, तेथे संताने आरंभ केला आहे तो ईश्वर नाही असे म्हणणाऱ्याच्या दोन आक्षेपांनी. एक, जगात दुरित आहे. दुसरा, सृष्टीचा उलगडा ईश्वराला न आणताही होऊ शकतो. आजच्या नास्तिकांपाशीही ह्याहून बळकट असे तिसरे शस्त्र फारसे नाही. संताने ती दोन्ही स्वतःच्या हाताने प्रतिपक्षाला देऊन मग आपले ‘पाच मार्ग’ मांडले. प्रश्न विचारणे हे श्रद्धेवरील आक्रमण आहे, असे मानणाऱ्या भाविकांनी हे पान अवश्य ध्यानात ठेवावे.

आता दोषांकडे वळू. ग्रंथाचा खरा स्वभाव त्याच्या अनुक्रमणिकेपेक्षा गुणांच्या वाटपातून अधिक कळतो. प्रत्येक प्रश्नपत्रिका दोन तासांची. चार प्रश्नांतून तीन निबंध लिहावयाचे. प्रत्येक निबंधाला ४० गुण. त्यांतील १६ गुण विषयाच्या ज्ञानाला आणि २४ गुण मूल्यमापनाला, म्हणजे विद्यार्थ्याने दिलेल्या निवाड्याला व त्याच्या समर्थनाला. दोन तासांत तीन निबंध, म्हणजे एकास चाळीस मिनिटे. ज्या अक्वायनस ह्यांच्या विचाराशी परिचय व्हावा म्हणून सेमिनरीत वर्षे द्यावी लागतात, त्यांच्यावर सतरा वर्षांच्या मुलीने चाळीस मिनिटांत निकाल द्यावयाचा, आणि समजून घेण्यापेक्षा निकालाला अधिक गुण! विचार करावयास शिकविणे वेगळे आणि न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसण्याची सवय लावणे वेगळे. परीक्षेच्या सोयीसाठी ह्या दोहोंतील सीमारेषा पुसट झाली आहे.

ह्यातूनच दुसरा आणि अधिक खोल दोष उद्भवतो. ह्या अभ्यासक्रमात युक्तिवाद आहेत. परंतु ते ज्या मातीत रुजले, ती माती झटकून टाकलेली आहे. संत अन्सेल्म ह्यांचे उदाहरण घेऊ. ज्याहून थोर असे काही कल्पिताच येत नाही, तो ईश्वर असलाच पाहिजे, हा त्यांचा युक्तिवाद विद्यार्थी चार ओळींत पाठ करतात. अन्सेल्म ह्यांनी तो १०७७-७८ च्या सुमारास ‘प्रोस्लोगिऑन’ ह्या ग्रंथात मांडला, आणि तो ग्रंथ आदि ते अंत एक प्रार्थना आहे. मठवासी संन्यासी ईश्वराला ‘तू’ म्हणून हाक मारतो, त्याचे मुख दिसत नाही म्हणून विव्हळतो आणि त्या विव्हळण्याच्या ओघात बुद्धीला कामाला लावतो. ह्या ग्रंथाला त्यांनी आधी दिलेले नावच ‘समजून घेऊ पाहणारी श्रद्धा’ अशा अर्थाचे होते. प्रार्थना गाळून युक्तिवाद ठेवला, की उरतो तो शब्दांचा चमत्कार. मग विद्यार्थ्याला तो चलाखीचा खेळ वाटल्यास त्यात त्याचा काय अपराध?

ह्याच ग्रंथाच्या संदर्भात आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. गौनिलो नावाच्या एका संन्याशाने अन्सेल्म ह्यांच्या युक्तिवादावर आक्षेप घेतला. त्याचा परिपूर्ण बेटाचा दृष्टान्त अभ्यासक्रमात आवर्जून येतो. अन्सेल्म ह्यांनी काय केले? त्यांनी त्या आक्षेपाला उत्तर लिहिले आणि ग्रंथाच्या पुढील प्रतींत गौनिलोचा आक्षेप व आपले उत्तर ही दोन्ही जोडावीत, असे सांगितले. आक्षेपकाला स्वतःच्या पुस्तकात जागा देणारा हा भक्त! गौनिलो हाही श्रद्धाळू संन्यासी होता. त्याचा झगडा देवाशी नव्हता, एका विशिष्ट तर्काशी होता. हा सारा प्रसंग विद्यार्थ्याला सांगितला, तर श्रद्धा आणि शंका एकाच मठाच्या छपराखाली सुखाने नांदू शकतात, हे त्याला कोणी वेगळे शिकवावे लागणार नाही. परंतु गुणपत्रिकेत ह्या प्रसंगासाठी रकाना नाही.

हा दोष नेमक्या शब्दांत पकडण्यासाठी आम्हांस संत जॉन हेन्री न्यूमन ह्यांचा आधार घ्यावासा वाटतो. १८७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ग्रामर ऑफ असेंट’ ह्या ग्रंथात त्यांनी संमतीचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक संमती कल्पनेला दिलेली असते, दुसरी प्रत्यक्ष वस्तूला. मृत्यू अटळ आहे, हे विधान आपण सारेच मान्य करतो. परंतु घरातील माणूस डोळ्यांदेखत गेले, की तेच विधान आपल्याला निराळ्या रीतीने पटते. पहिल्या संमतीने परीक्षा उत्तीर्ण होता येते, दुसरीने आयुष्य बदलते. प्रस्तुत अभ्यासक्रम पहिल्या प्रकारच्या संमतीचा, अथवा असंमतीचा, उत्तम व्यायाम घडवितो. दुसरीचे त्याला वावडे नाही. पण तिची जाणीवही नाही.

नवल असे, की खुद्द न्यूमन ह्यांनाच ह्या ग्रंथात मानाची जागा मिळालेली नाही. सदसद्विवेकबुद्धीच्या प्रकरणात एका बाजूला अक्वायनस आणि दुसऱ्या बाजूला फ्रॉइड असा सामना लावलेला आहे. अक्वायनस ह्यांच्या मते ती सत्कृत्य ओळखून त्यानुसार वागण्याची बुद्धीची शक्ती. फ्रॉइड ह्यांच्या मते ती लहानपणी आईबापांच्या धाकातून मनात बसलेला पहारेकरी. ही जोडी चटकदार आहे खरी. परंतु इंग्रजी भाषेत ह्या विषयावर ज्याने सर्वाधिक मर्मग्राही लिहिले, १८७५ मध्ये ड्यूक ऑफ नॉरफोकला उद्देशून लिहिलेल्या पत्रात विवेकाचा अधिकार आणि पोप महोदयांचा अधिकार ह्यांचा संबंध ज्याने निर्भयपणे उलगडला, तो त्यांचाच देशबांधव दाराबाहेर राहिला. ख्रिस्तसभेने त्यांना २०१९ मध्ये संतपद दिले आणि १ नोव्हेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे ह्यांनी त्यांना ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून घोषित केले. ह्या अभ्यासक्रमाची पुनर्रचना होईल, तेव्हा हे स्थान भरून निघावे.

दुरिताच्या प्रकरणातही हीच उणीव जाणवते. येथे विहित मजकूर संत अगस्तीन ह्यांची उपपत्ती आणि संत इरेनियस ह्यांच्या विचाराला जॉन हिक ह्यांनी दिलेले नवे रूप ह्यांभोवती फिरतो. दुरित म्हणजे सत्प्रवृत्तीचा अभाव, असे अगस्तीन सांगतात. हे जग म्हणजे आत्म्यांची जडणघडण होण्याची जागा, असे हिक म्हणतात. दोन्ही विचार मौलिक आहेत. परंतु पवित्र शास्त्रात ह्या प्रश्नाचा खरा स्वामी ईयोब आहे. त्याचे मित्र त्याला उपपत्ती पुरवीत राहतात. तो मात्र राखेत बसून थेट परमेश्वरालाच जाब विचारतो. आणि ग्रंथाच्या शेवटी परमेश्वर रागावतो तो उपपत्ती सांगणाऱ्या मित्रांवर, प्रश्न विचारणाऱ्या ईयोबावर नव्हे! शोकाकुल घरात अंत्यविधीच्या आदल्या रात्री बसण्याचे काम धर्मगुरूला वारंवार पडते. तेथे अगस्तीन वा हिक ह्यांचे नाव घेण्याचे धाडस कोणी करणार नाही. तेथे ईयोब उपयोगी पडतो, पवित्र मरिया क्रुसाजवळ उभी होती हे उपयोगी पडते आणि पुष्कळदा केवळ शेजारी बसून राहणे उपयोगी पडते. विचाराची ही बाजू शिकवली नाही, तर विद्यार्थी दुरितावर निबंध लिहील. पण दुःखितासमोर मुका होईल.

नीतीच्या भागात सिद्धान्त हे हत्यारांसारखे मांडलेले आहेत आणि दयामरणासारखा प्रश्न हा त्यांच्या धारेची परीक्षा घेण्यासाठी ठेवलेला ओंडका. नैसर्गिक नियम काय म्हणेल, प्रसंगनिष्ठ नीती काय म्हणेल, जीवनाचे पावित्र्य मोठे की जीवनाचा दर्जा मोठा, अशी ही मांडणी. विषय केवळ पुस्तकी नाही. २० जून २०२५ रोजी ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सने मरणासन्न प्रौढांना जीवन संपविण्यासाठी वैद्यकीय साह्य घेता यावे, असे विधेयक ३१४ विरुद्ध २९१ मतांनी संमत करून वरिष्ठ सभागृहाकडे धाडले. वर्गात बसलेली मुले उद्याचे मतदार आहेत, परिचारिका आहेत, वृद्ध आईबापांची लेकरे आहेत. म्हणून हा प्रश्न कोणत्या उदाहरणांनी शिकविला जातो, ह्याला फार महत्त्व आहे.

येथे आपल्या मुंबईतील एक घटना विलायतेच्या पाठ्यपुस्तकाला शिकवू शकेल असे आम्हांस वाटते. के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मध्ये झालेल्या अमानुष हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळल्या आणि १८ मे २०१५ रोजी निधन पावेपर्यंत तेथेच होत्या. त्यांचे अन्न थांबवावे, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने ती फेटाळली; मात्र काटेकोर अटींखाली कृत्रिम जीवनाधार काढून घेण्यास तत्त्वतः मान्यता दिली, आणि २०१८ च्या निकालाने त्याविषयीचा कायदा अधिक स्पष्ट झाला. अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने त्यांची शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयाच्या सेवकवर्गाचा मानला आणि त्यांच्या सेवेचा गौरव केला. ज्या परिचारिकांनी अरुणाताईंना कधी हिंडता-फिरताना पाहिलेही नव्हते, अशा पुढच्या पिढ्यांनी त्यांना न्हाऊ घातले, भरविले, कूस पालटून दिली. ह्यातील कितीजणींनी कांट वाचला असेल? ‘जीवनाचा दर्जा’ हा शब्दप्रयोग त्या खोलीत उच्चारून पाहावा, म्हणजे त्याचे वजन कळते. ख्रिस्तसभेची शिकवण, १९८० च्या दयामरणविषयक घोषणापत्रात स्पष्ट झालेली, अशी आहे की मरण ओढवून आणणे निषिद्ध. परंतु निष्फळ आणि जाचक ठरणारे उपचार थांबविणे म्हणजे हत्या नव्हे. हा भेद सूक्ष्म आहे आणि अभ्यासाने समजावून घेण्यासारखा आहे. पण त्या भेदाला देह प्राप्त होतो तो माणसांच्या हातून, आणि ते हात विद्यार्थ्याला दाखविले पाहिजेत.

फ्लेचर ह्यांच्या प्रसंगनिष्ठ नीतीसंबंधी एकच निरीक्षण नोंदवितो. १९६६ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी नियमांपेक्षा प्रेम श्रेष्ठ, असे प्रतिपादन केले आणि त्यासाठी नव्या करारातील ‘अगापे’ हा शब्द घेतला. तरुणांना हा विचार लगेच भावतो. परंतु शुभवर्तमानातील अगापे क्रुसापर्यंत नेते. ती आज्ञांच्या पलीकडे जाते, ती आज्ञांना वळसा घालून नव्हे. शब्द घेतला आणि क्रूस मागे ठेवला, तर प्रेम म्हणजे त्या क्षणी मनाला पटेल ते, असा अर्थ निघावयास वेळ लागत नाही.

ह्या अभ्यासक्रमाला आपले खरे सामर्थ्य गवसले आहे ते तिसऱ्या भागात, आणि विशेषतः डिट्रिक बोनहोफर ह्यांच्या प्रकरणात. हे लूथरन धर्मगुरू हिटलरच्या राजवटीत फिंकेनवाल्ड येथे गुप्तपणे सेमिनरी चालवीत होते. १९३७ मध्ये पोलिसांनी ती बंद पाडली. त्याच वर्षी ख्रिस्ताचे शिष्यत्व किती महाग पडते, ह्यावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ९ एप्रिल १९४५ रोजी, युद्ध संपावयास महिनाही उरला नसताना, फ्लॉसेनबुर्ग येथे त्यांना फाशी देण्यात आली. येथे विद्यार्थ्याला युक्तिवाद आणि आयुष्य वेगळे काढताच येत नाही. राज्याची आज्ञा मोडावी काय, हा प्रश्न एका माणसाने प्राणाची किंमत देऊन सोडविलेला आहे. हे प्रकरण शिकविताना शिक्षकाचा आवाज बदलत असेल, अशी आमची खात्री आहे. अन्सेल्म ह्यांची प्रार्थना, अगस्तीन ह्यांचे अश्रू आणि अक्वायनस ह्यांचे मौन ह्यांनाही अशीच जागा मिळाली असती, तर हा ग्रंथ खरोखर थोर झाला असता. अक्वायनस ह्यांनी आयुष्याच्या अखेरीस मिस्सा अर्पिताना आलेल्या एका अनुभवानंतर लेखणी खाली ठेवली आणि ‘सुम्मा’ अपूर्ण राहिला. पाच मार्ग दाखविणाऱ्याने अखेरीस कोणता मार्ग धरला, हेही विद्यार्थ्याला कळावयास नको काय?

इतके दोष दाखविल्यावर वाचक म्हणतील, मग हा विषय आपल्या मुलांनी न घेतलेलाच बरा. आमचे मत नेमके ह्याच्या उलट आहे. आणि त्यासाठी आपल्या घरी काय स्थिती आहे, ते पाहिले पाहिजे. आपल्या संविधानाच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदानुसार संपूर्णपणे शासकीय निधीतून चालणाऱ्या शाळांत धर्मशिक्षण देता येत नाही; आणि मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळांत ते कोणावर लादता येत नाही. ही तरतूद शहाणपणाची आहे. धर्मांविषयी अभ्यास करणे मात्र धर्मनिरपेक्षतेच्या आड येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात स्पष्ट केले. महाराष्ट्रात अकरावी-बारावीला तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्र हे विषय घेता येतात. परंतु ते मुख्यत्वे कला शाखेकडे, आणि आपली बहुसंख्य मुले विज्ञान वा वाणिज्य शाखेला. राहता राहिले धर्मग्रामातील धर्मशिक्षण. ते पुष्कळ ठिकाणी दृढीकरणाच्या संस्कारापाशी थांबते. बिशप महोदयांच्या हातून तेलाचा अभिषेक झाला, फोटो काढले, जेवण झाले आणि वही कपाटात गेली. नेमके त्याच सुमारास खरे प्रश्न पडावयास लागतात. ज्या वयात इंग्लंडमधील मुलगी ह्यूमचा आक्षेप तोलते आहे, त्या वयात आपला मुलगा तोच आक्षेप मोबाइलच्या पडद्यावर एका मिनिटाच्या उपहासाच्या रूपाने ऐकतो. तो ऐकताना त्याच्या शेजारी अक्वायनस नसतात, शिक्षक नसतो आणि बहुधा बापही नसतो.

प्रश्नांना घाबरणे हा आपला वारसा नव्हे. फादर थॉमस स्टीफन्स हे येशूसंघीय धर्मगुरू जन्माने इंग्रज. ते १५७९ मध्ये गोव्यास आले आणि १६१६ मध्ये राचोल येथे त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. ह्या मराठी महाकाव्याचा उगमच एका प्रश्नात दाखविला आहे. नवख्रिस्ती समाजातील एक ब्राह्मण श्रोता पाद्री-गुरूला विचारतो, की आमची जुनी पुराणे आता वर्ज्य झाली, तर त्यांच्या जागी तुम्ही आम्हांस काय देता? गुरू ह्या श्रोत्याला गप्प बसवीत नाही. त्याच्या प्रश्नाला हजारो ओव्यांनी उत्तर देतो. आपल्या मराठी ख्रिस्ती साहित्याची पहिली वीट अशी एका श्रोत्याच्या शंकेवर बसलेली आहे. पुढे पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. नंतर त्रैक्यासारख्या सिद्धान्तांविषयी त्यांनी आपल्या गुरुभगिनींना पत्रांतून सडेतोड प्रश्न विचारले. सिस्टर जेराल्डिन ह्यांना त्यांत अहंकार दिसला. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील ह्यांनी मात्र सबुरीने, बरोबरीच्या नात्याने उत्तरे लिहिली. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला आहे. रमाबाई ख्रिस्तापासून दुरावल्या नाहीत, हे आपण जाणतोच. शंका घेणाऱ्यापाशी कोण बसते आणि कसे बसते, ह्यावर पुष्कळ अवलंबून असते, एवढे ह्या पत्रांवरून नक्की कळते.

म्हणून धर्मग्रामांनी करण्याजोगे एक काम आम्ही सुचवितो. अकरावी-बारावीच्या मुलामुलींसाठी पंधरवड्यातून एकदा, रविवारच्या मिस्सानंतर, दीड तासाचे अभ्यासमंडळ असावे. इंग्लंडच्या अभ्यासक्रमातील विषय त्यासाठी खुशाल घ्यावेत; परंतु जे तेथे गाळले आहे, ते आपण जोडावे. अन्सेल्म ह्यांचा युक्तिवाद घ्यावा आणि त्याआधीची प्रार्थना मोठ्याने वाचावी. अक्वायनस ह्यांचे पाच मार्ग घ्यावेत आणि त्यांनी नोंदविलेले दोन आक्षेप आधी एखाद्या मुलाला सर्व जोर लावून मांडू द्यावेत. दुरिताच्या दिवशी ईयोब वाचावा. दयामरणाच्या दिवशी धर्मग्रामातील एखाद्या परिचारिकेला बोलवावे. आपल्या समाजात त्यांची वाण नाही. व्यापारनीतीच्या दिवशी फुला-भाजीचा धंदा करणाऱ्या बागायतदाराला अथवा बँकेतील अधिकाऱ्याला बोलवावे. गुण नसावेत, घाईही नसावी. एखाद्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी न सापडल्यास तो तसाच वहीत लिहून ठेवावा आणि पुढच्या वेळी पुन्हा काढावा.

धर्मगुरूंच्या घडणीत ख्रिस्तसभेने हीच व्यवस्था ठेवली आहे. धर्मसंहितेनुसार सेमिनरीत किमान दोन वर्षे तत्त्वज्ञानाला आणि चार वर्षे ईशज्ञानाला द्यावी लागतात. सकाळी वर्गात ह्यूम आणि कांट, सायंकाळी चॅपलमध्ये स्तोत्रे. एकाने दुसऱ्याला हुसकावून लावलेले नाही. संत जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९९८ मध्ये श्रद्धा आणि बुद्धी ह्यांच्या परस्परसंबंधावर एक संपूर्ण परिपत्र लिहिले, ते ह्या दोहोंची फारकत होऊ नये म्हणूनच. जे भावी धर्मगुरूला आवश्यक मानले, त्याचा निदान एक घास भावी अभियंत्याला, परिचारिकेला आणि शिक्षिकेला मिळावा, ही मागणी अवाजवी नाही.

पालकांना एवढेच सांगणे आहे. सुटीत घरी आलेला नातू जेवणाच्या पानावर देवाच्या अस्तित्वाचा पुरावा मागेल, तेव्हा त्याला दटावू नका. उत्तर ठाऊक नसल्यास तसे सांगा, आणि आपण स्वतः कोणत्या प्रसंगी प्रार्थनेचा आधार घेतला होता, तेही सांगा. आशेचे कारण विचारणाऱ्याला ते सौम्यतेने व आदराने सांगावयास सदैव सिद्ध असावे, असे संत पेत्राने आपल्या पहिल्या पत्रात बजावले आहे. नातवाची अर्धी तयारी परीक्षामंडळाने करून घेतली आहे. उरलेली अर्धी ज्या घरात रोज संध्याकाळी रोझरी होते, त्या घराने करावयाची आहे.